मीराबाईनं फोडलेला बांध

खाप्याच्या मीराबाई गजभियेनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिची पस्तिशी उलटली होती, आणि तो तिला मुळीच आवडला नाही. टीव्हीत दिसतात तशा लाटा नव्हत्या, वाळू नव्हती. समोर एक खाडी होती, काठचा काळा चिखल, चिखलात मुळं रोवून उभी झुडपं, आणि त्यांच्या आतल्या अंगाला मातीच्या बांधांनी आखलेले, उन्हात डोळे दिपवणारे पाण्याचे चौकोन. नागपूरहून गाडीत अंग आंबवत आलेली माणसं टेम्पोतून उतरून बांधावर उभी राहिली.

"हाच का वं समुद्र?" मीराबाईनं शेजारच्या इंदुताईला विचारलं.

इंदुताई बावणे खाप्याचीच, मीराबाईहून थोडी मोठी, आणि आधीचे हंगाम करून गेलेली. "समुद्र तिकडं दूर हाये," ती म्हणाली. "आपल्याले त्याचं पाणीच पाहिजे फक्त. ते भरतीले आपणहून येते."

मीराबाई आणि तिचा नवरा बळीराम तिथं कसे पोचले ते आधी सांगायला हवं. खापा कन्हान नदीच्या काठी. बळीराम लग्नाआधीपासून नदीतली रेती घमेल्यानं ट्रकात भरायचा. पुढे नदीपात्रात यंत्रं उतरली आणि घमेलेवाले घरी बसले. मीराबाई कापूस वेचायला, सोयाबीन सोंगायला जायची, पण त्या कामावर वर्ष निघत नाही. मुलगी दीक्षा बारावी होऊन नागपूरला सीताबर्डीतल्या एका कापडाच्या दुकानात लागली होती आणि हुडकेश्वरला मैत्रिणींसोबत खोली करून राहत होती. अशात सावनेरकडचे मुकादम महादेवराव गावात आले. रायगडच्या किनाऱ्यावर मिठागरं आहेत, तिथल्या आगऱ्यांची पोरं आता कंपन्यांत जातात, आगरात उतरायला जोडपी पाहिजेत, असं ते सांगत होते. दिवाळी झाली की जायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं.

"मीठ पिकवायचं. शेतीच समजा," ते म्हणाले.

"मिठाची शेती?" बळीराम हसला. "मंग नांगराले बैल कोणता?"

"बैल तूच."

हसण्यावारी गेलं, पण महादेवरावांनी खोटं सांगितलं नव्हतं. ती शेतीच होती. बाहेरच्या मोठ्या बांधात एक दगडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. तिच्या फळ्या वर काढल्या की भरतीचं पाणी आतल्या तळ्यात येतं. तळ्याच्या खाली उथळ कप्पे, आणि सगळ्यांत खाली मिठाच्या कुंड्या. पाणी एकेक पायरी उतरत खाली येतं आणि ऊन ते पीत जातं. कुंडीत पोचेस्तोवर ते इतकं जड होतं की बोट बुडवून वाऱ्यावर धरलं तर बोटावर पांढरी साय चढते. मग एके सकाळी कुंडीच्या तळाशी काहीतरी चमकायला लागतं.

त्याआधी कुंडीची जमीन पायांनी तुडवून घट्ट करावी लागते, नाहीतर मीठ मातकट निघतं. जोडपी एका रांगेत, एकमेकांच्या खांद्याला धरून, ओल्या चिखलात पाय आपटत राहतात. पहिल्याच महिन्यात मीराबाईच्या टाचा फाटल्या आणि भेगांत खारं पाणी शिरलं. ती बांधावर बसून रडत होती तेव्हा इंदुताईनं तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले.

"आधी गोड्या पाण्यानं धू. मंग तेल लाव. तेल आधी लावशील तं मीठ आतच राहीन."

मिठाची फळी कशी ओढायची, खरवडायची नाही, तेही इंदुताईनंच शिकवलं. फळी म्हणजे लांब दांड्याला आडवी बसवलेली पाटी. ती हलक्या हातानं ओढली की खालचा चिखल न उठता नुसते खडे गोळा होतात. दोघींच्या कुंड्या शेजारी-शेजारी होत्या. चूल एक होती. इंदुताईचा नवरा श्रीधर आणि बळीराम संध्याकाळी एकाच बिडीवर गप्पा मारायचे. ज्याच्या कुंडीतून जेवढं मीठ निघेल त्यावर त्याची मजुरी ठरायची, तरी ओढायच्या वेळी चौघं मिळून आधी एकाची कुंडी उरकायचे आणि मग दुसऱ्याची.

तिसऱ्या हंगामात मीठ असं पिकलं की जुने आगरीही बघायला आले. अवकाळी पावसाचा शिंतोडा नाही, वारा कोरडा, खडे तांदळाच्या कणीपेक्षा मोठे आणि स्वच्छ. इंदुताई त्या वर्षी आल्यापासून एकच सांगत होती, हा आपला शेवटचा हंगाम. "हे मीठ उचललं का मी नाही येत आता. घरीच भाजीचं दुकान टाकतो. पायाले कोरडी जमीन पाहिजे मले."

फाल्गुनातल्या अमावस्येला मोठं उधाण येणार होतं. ओढलेलं मीठ कुंड्यांच्या मधल्या अरुंद वरंब्यांवर ढीग घालून ठेवलेलं होतं, कारण आगरातला रस्ता खचला होता आणि ट्रक आत येत नव्हता. उंच ओट्यावर मीठ न्यायचं काम उद्यावर टाकून सगळी जोडपी त्या दिवशी आठवडी बाजाराला गेली. उधाणावर नजर ठेवायला मीराबाई, बळीराम, इंदुताई आणि श्रीधर मागे राहिले.

दुपार चढायला लागली तशी खाडी फुगली. एरवी चिखलात उभी दिसणारी झुडपं शेंड्यापर्यंत बुडाली. पाणी बाहेरच्या बांधाला भिडलं आणि उघाडीच्या फळ्यांच्या फटींतून आत चिळकांड्या उडू लागल्या.

"फळ्या दबून राहिल्या," बळीराम म्हणाला. "अजून दोन टाकाव्या लागतीन."

तो तळ्याच्या बाजूनं उघाडीपाशी उतरला. तिथं पाणी कमरेएवढं होतं. त्यानं एक फळी खाचेत बसवली, दुसरी श्रीधरनं वरून दिली. ती हातात घेताना त्याला दगडाचा आवाज आला, असं तो सांगतो. उघाडीच्या दोन्ही बाजूंना उभे दगडी खांब होते, शे-दीडशे वर्षांचे असतील. त्यातला एक पाण्याच्या रेट्यानं मुळातून हलला आणि फळ्यांसकट आत कोसळला. बळीराम मागे सरकला, पण पुरेसा नाही. खांब त्याच्या मांडीवर आडवा पडला आणि तो तळ्याच्या चिखलात बसल्यासारखा खाली गेला. उघडी पडलेली खाडी त्याच्या बाजूनं धो-धो आत येऊ लागली.

श्रीधरनं कपड्यांसकट उडी घेतली. मीराबाईनं वरून पहार टाकली. श्रीधरनं ती खांबाखाली घातली, अंगाचा सगळा भार दिला. पहार चिखलात रुतत गेली, खांब हलला नाही. दोघी बायका पाण्यात उतरल्या, तिघांनी मिळून जोर लावला. बळीराम एकदाच ओरडला आणि मग दातावर दात धरून गप्प बसला. पाणी त्याच्या छातीला लागलं होतं.

मीराबाईनं वर येऊन महादेवरावांना फोन लावला. ते शेजारच्या आगरात होते.

"पोकलेन इथंच हाये, बांधाच्या कामावर," ते म्हणाले. "आत्ता पाठवतो. तुम्ही काही करू नका. आणि आतल्या बांधाले हात लावू नका, समजलं? खाली सगळ्यांचं मीठ हाये."

हात लावायचं तिच्या डोक्यातही नव्हतं. महादेवराव नको म्हणाले तेव्हाच तिला तो आतला बांध दिसला. एका बाजूला भरत चाललेलं तळं, दुसऱ्या बाजूला, बऱ्याच खाली, पांढऱ्या कुंड्या. तळं फुटलं तर पाणी तिकडं पसरेल. पसरलं तर इथं चढणार नाही.

तिनं आधी वाट पाहिली. हे ती आवर्जून सांगते. बांधावर उभी राहून ती पोकलेनच्या वाटेकडे बघत होती. वाटेवर धूळसुद्धा उडत नव्हती. खाली श्रीधर बळीरामच्या पाठीमागं बसून त्याची हनुवटी दोन्ही हातांनी वर धरून होता. पाणी खांद्यावर आलं, मग गळ्याशी. बळीरामनं तोंड आभाळाकडं केलं होतं.

मीराबाईनं फावडं उचललं आणि ती आतल्या बांधाकडे निघाली.

इंदुताईच्या लक्षात आलं. ती धावत आडवी झाली.

"काय करून राहिली तू?"

"बांध फोडतो."

"पागल झाली का? खाली कुंड्या हायेत!"

"मले दिसते."

"सगळ्यांचं हाये वं त्यात! तुझं-माझं एकटीचं नाही. आठ जोडप्यांचं हाये. पोकलेन येऊन राहिला ना?"

"कुठं हाये? दाखव मले."

इंदुताईनं वळून पाहिलं. वाट मोकळीच होती.

"येईन, आत्ता येईन. थोडी थांब, मीरा. पाया पडतो तुझ्या. लोक बाजारात गेलेत, त्यांच्या माघारी कसं करशील तू? काय सांगशील त्यायले?"

"तुझा श्रीधर त्याचं तोंड धरून बसला हाये. त्याले इचार पाणी कुठं आलं."

त्याच वेळी मागून श्रीधरची हाक आली. "वहिनी!" एवढीच. पुढे काही नाही.

मीराबाईनं फावड्याचा पहिला घाव घातला. इंदुताईनं दांडा पकडला. दोघी त्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. जी बाई कधी मीराबाईचे पाय मांडीवर घेऊन बसली होती तिचे हात मीराबाईच्या हातांवर होते, आणि ते हात रोजच्या फळीनं तिच्याइतकेच दणकट झालेले होते. मग इंदुताई चिखलात पडली आणि फावडं मीराबाईकडे राहिलं. हा प्रसंग मी दोघींकडूनही ऐकला आहे. मीराबाई म्हणते, मी तिला ढकललं. इंदुताई म्हणते, मीच सोडलं. दोघीही आपल्या म्हणण्यावरून हटत नाहीत.

बांधाची माती मऊ होती. चार-पाच घावांत चर पडला आणि पुढचं काम पाण्यानंच केलं. माती ढेकळांनी निसटली, वाट रुंदावली, आणि खाडीचं गढूळ पाणी उथळ कप्प्यांवरून उड्या घेत खालच्या कुंड्यांत शिरलं. वरंब्यांवरचे ढीग आधी खालून काळवंडले, मग खचले, मग दिसेनासे झाले. इंदुताई चिखलात बसल्या जागेवरून ते बघत होती. त्या एवढ्या मिठाला विरघळताना काहीच आवाज झाला नाही, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

पाणी बळीरामच्या खालच्या ओठाला लागून थांबलं. उतरलं नाही, पण चढलंही नाही. बाहेरून येत होतं तेवढं खाली जात होतं. श्रीधर त्याच्या कानाशी सारखं बोलत होता, "नाकानं श्वास घे, बळीराम, नाकानं घे," आणि मीराबाई फावडं टाकून पाण्यात उतरली आणि तिनं दुसऱ्या बाजूनं नवऱ्याचं डोकं धरलं. भरतीचा जोर ओसरायला लागला तेव्हा पोकलेनचा आवाज आला. त्याच्या लोखंडी हातानं खांब उचलला.

बाजारातून जोडपी परतली तोवर बळीरामला जीपमधून दवाखान्यात नेलं होतं. मीराबाई त्याच्यासोबत गेली, त्यामुळे परतणाऱ्यांचे चेहरे तिनं पाहिले नाहीत. इंदुताईनं पाहिले. बांध कोणी फोडला हे त्यांनी तिलाच विचारलं आणि तिनं सांगितलं.

त्यानंतर जे बोललं गेलं ते हळूहळू मीराबाईच्या कानावर आलं. पोकलेन निघालाच होता, असं महादेवराव सगळ्यांना सांगत होते. थोडी कळ काढली असती तर माणूसही वाचला असता आणि मीठही. कोणी म्हणालं, तिचंही मीठ गेलंच ना? त्यावर दुसरं कोणी म्हणालं, तिचा नवरा तर आला परत. आमचं काय आलं?

बळीरामचं मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. पुढच्या उपचारासाठी त्याला नागपूरला आणलं, आणि मग हुडकेश्वरच्या दीक्षाच्या खोलीत तिघांचा संसार सुरू झाला. मैत्रिणी दुसरीकडं राहायला गेल्या. वर पत्रा, खाली नवी फरशी, आणि बाजूला रोज एक नवी इमारत उभी राहणारं ते लेआउट. मे महिन्याच्या त्या भट्टीत बळीराम कूलरसमोर पाय लांब करून पडायचा. गुडघा वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पेरण्या संपता संपता मीराबाई खाप्याला घरचं सामान आणायला गेली. दीक्षा सोबत होती. बसमधून उतरून घराकडे जाताना ओळखीच्या बायका समोरून आल्या आणि बाजूनं निघून गेल्या. एकजण थांबली. तिच्याही कुंड्या त्या आगरात होत्या.

"नवरा बरा हाये ना तुझा?" ती म्हणाली.

"हो, बरा हाये."

"मंग झालं." आणि ती थुंकली. मीराबाईच्या अंगावर नाही, रस्त्यावर, पण पायाजवळ.

दीक्षा चिडून पुढे सरसावली. मीराबाईनं तिचा हात दाबून धरला. "चाल. तिचं गेलं हाये."

सामान बांधून झाल्यावर दीक्षाला घरी बसवून ती एकटीच इंदुताईच्या दारात गेली. इंदुताई ओसरीवर तूर पाखडत बसली होती. तिनं मान वर केली आणि सूप थांबलं.

"काहून आली?"

मीराबाई पायरीखालीच उभी राहिली. "श्रीधरभाऊ येत्या हंगामाले जाऊन राहिले का?"

श्रीधर आतल्या खोलीत होता. त्या दिवसापासून तो पाण्यात उतरत नव्हता. कन्हानवर आंघोळीलाही जात नव्हता. रात्री झोपेत हात वर धरायचा. हे मीराबाईनं नागपूरच्या बाजारात आलेल्या खाप्याच्या बायकांकडून ऐकलं होतं.

"ते नाही जात," इंदुताई म्हणाली. "आणि मले एकटीले कोण कुंडी देईन? मुकादम जोडपं मागते."

"मी येतो तुझ्यासंगं. तुझ्या कुंड्यांत काम करतो. जे पिकीन ते तुझ्या नावानं."

सूप पुन्हा हललं. तुरीचा कोंडा उडून मीराबाईच्या लुगड्यावर आला.

"उपकार करून राहिली का माझ्यावर?"

"नाही."

"मंग काय करून राहिली?"

मीराबाईनं लुगड्यावरचा कोंडा झटकला. "तुले कोरडी जमीन पाहिजे होती," ती म्हणाली.

इंदुताई उठली, सूप घेऊन आत गेली आणि दार लावलं. कडी लागल्याचा आवाज आला.

हुडकेश्वरला हे कळल्यावर बळीराम पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. "पुन्हा तिथंच जाशील तू? त्या उघाडीवर? मी इथं पडून राहीन आणि रोज आयकीन का भरती आली, ओहोटी आली?"

"तुमाले म्या तिथून काढलं," मीराबाई म्हणाली. "तिले तिथंच टाकून आली."

"आणि बाकीची सहा जोडपी? त्यायचं काय करशील?"

ती उठून स्वयंपाकाला लागली. तो प्रश्न आजही कोणी विचारला तर ती असंच काहीतरी काम काढते.

दिवाळीच्या सुमाराला श्रीधरचा फोन आला. त्याचा आवाज दबका होता. "वहिनी, महादेवराव आले होते. दोन बाया म्हणजे जोडपं नाही म्हणत होते. इंदूनं त्यायले सांगितलं, दोन बाया चार हातांच्याच असतात, मोजून घ्या. ते कबूल झाले. तुम्हाले निरोप द्याले मले सांगितलं तिनं."

"ती सोता काहून नाही बोलत?"

"ते मले नका इचारू."

गाडीत दोघी शेजारी बसल्या. इंदुताई खिडकीकडे तोंड करून होती. आगरात पोचल्यावरही तेच. चूल वेगळी मांडली. त्या वर्षी जी जोडपी परत आली होती त्यांच्यातलं कोणीच मीराबाईशी बोलत नव्हतं, त्यामुळे दिवस दिवस तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. संध्याकाळी दीक्षाचा फोन आला की बोलायला तोंड उघडताना जबडा दुखायचा, असं ती सांगते. जमीन तुडवायच्या वेळी एकमेकींच्या खांद्याला धरावंच लागतं. इंदुताई तिच्या खांद्यावर हात ठेवायची, पण तो असा, की मडक्यावर ठेवावा.

उघाडीला आता सिमेंटचे खांब होते. पहिलं मोठं उधाण आलं तेव्हा सगळे बांधावर होते. मीराबाई बाहेरच्या बांधावर उभी राहिली. पाणी फळ्यांना भिडलं तशी ती खाली बसली. मागे वळून पाहिलं तर इंदुताई आतल्या बांधावर, बरोबर त्याच जागी, फावडं घेऊन उभी होती. कोणाला अडवायला उभी होती की वेळ आली तर फोडायला, ते तिच्या तोंडाकडे बघून कळत नव्हतं. पाणी चढलं, थांबलं आणि उतरलं. काही झालं नाही. इंदुताई फावडं खांद्यावर टाकून खोपीत निघून गेली.

एप्रिल सुरू झाला आणि आभाळ बिघडलं. जयंती तोंडावर आली होती. मीराबाईनं निळं कापड आणून ठेवलं होतं, खोपीसमोर चार माणसं जमली तर जमली म्हणून. दुपारी दक्षिणेकडून ढग उठले. असला ढग दिसला की आगरात कोणी बोलत थांबत नाही, नुसतं पळत सुटतात. कुंड्यांत ओढायला झालेलं मीठ होतं आणि वरंब्यांवर कालचे ढीग. वारा पालटला, गार झाला. सगळी जोडपी आपापल्या कुंड्यांत उतरली.

मीराबाई फळी घेऊन ओढत सुटली. घाईत हात जड पडला आणि खालचा चिखल ढवळला गेला.

"हलक्या हातानं!" मागून आवाज आला. "हलक्या हातानं ओढ वं, मातकट करून राहिली!"

पाच महिन्यांत पहिल्यांदा इंदुताई तिच्याशी बोलली होती. मीराबाई क्षणभर थांबली.

"थांबली काहून? डावीकून घे. मी ताडपत्री आणतो."

त्यानंतर दोघी एकमेकींवर ओरडतच राहिल्या. टोपली इकडं दे, दगड ठेव, कोपरा धर, धर म्हणतो ना! डोक्यावर ओलं मीठ घेऊन ओट्यापर्यंत पळायचं, टोपली उलटी करायची, परत पळायचं. खारं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. ताडपत्रीचा शेवटचा दोर बांधताना पहिले टपोरे थेंब पडले. तळाशी राहिलेल्या दोन कुंड्या गेल्या. बाकीचं वाचलं.

शेजारच्या कुंडीतलं जोडपं मागे पडलं होतं. खाप्यात रस्त्यावर थुंकली होती तीच बाई. तिची ताडपत्री वाऱ्यानं सुटली होती आणि नवरा एका टोकाला लोंबकळत होता. मीराबाई धावली. इंदुताईही धावली. चौघांनी मिळून ती खाली दाबली आणि पाऊस उघडेपर्यंत तिच्यावर बसून राहिले. त्या बाईनं आभार मानले नाहीत, थुंकलीही नाही.

त्या संध्याकाळी चूल एकच पेटली, कारण एका चुलीपुरतंच कोरडं सरपण उरलं होतं. इंदुताईनं भाकर थापता थापता सांगितलं, "माफ-बिफ नाही केलं मी तुले. सांगून ठेवतो."

"बरं."

"श्रीधर रात्री उठून बसते अजून. म्हणते, आणखी बोटभर चढलं असतं तं माझ्या हातात गेला असता तो." भाकर तव्यावर टाकून तिनं जाळ पुढं सारला. "मंग माझा श्रीधर काही उरला नसता, बाई. ते मले तिथं बांधावर दिसलं नाही. मले मीठ दिसून राहिलं होतं."

मृगाच्या आधी हंगाम संपला. नागपूर स्टेशनावर उतरल्या तेव्हा ऊन असं होतं की फलाटाचा लोखंडी खांब धरवत नव्हता. बळीराम काठी टेकत न्यायला आला होता, दीक्षाच्या खांद्याला धरून. इंदुताईनं त्याला जीपमध्ये घातलेलं पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच. ती सामान खाली ठेवून त्याच्याकडे, मग त्याच्या पायाकडे बघत राहिली.

"वाकत नाही का?" तिनं विचारलं.

"नाही."

"चालते पण."

"चालतो ना. दिवसभर बसतोही. एका इमारतीवर चौकीदारी धरली."

"दुकान टाकून राहिली मी," इंदुताई म्हणाली. "घराच्याच ओट्यावर. कॉटन मार्केटले माल घ्याले येत जाईन. जेवाले या खाप्याले. मीरालेही आणा."

तिची बस सुटायची वेळ झाली होती. गठुडं डोक्यावर घेऊन ती गर्दीत शिरली. मीराबाईनं दुसरं गठुडं उचललं आणि तिला बसपर्यंत पोचवायला तिच्या मागोमाग निघाली.